पाय न देण्याची जागा

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की खाडीच्या तोंडाशी आज जिथे नुसती वाळू पसरली आहे, तिथे तेव्हा एक नांदतं गाव होतं. गावात घरं थोडी आणि होड्या त्याहून थोड्या. माणसं दर्यावर जगत आणि दर्यालाच भीत, म्हणजे शहाणी होती असं म्हणायला हरकत नाही. निदान निम्म्या बाबतीत तरी.

त्या गावात हिराजी नावाचा एक तांडेल होता. तांडेल म्हणजे होडीचा मुख्य. सुकाणू त्याच्या हाती आणि खलाशांच्या पोटाची काळजी त्याच्या डोक्याला. त्याच्या होडीचं नाव मैना. ती त्याच्या बापाने स्वतःच्या हातांनी बांधली होती आणि हिराजीला तिच्याइतकं जगात दुसरं काही प्रिय नव्हतं. बायको हे जाणून होती, पण तिनेही कधी मनावर घेतलं नाही.

मैनेचं सगळं वैभव तिच्या तक्तपोशीत होतं. होडीच्या पोटावर फळ्या ठोकून चालायला जागा करतात, ती तक्तपोशी. इतर होड्यांवर उघड्या फळ्या असत. हिराजीच्या बापाने मात्र फळ्यांवर जाड सुती कापड अंथरून त्याला गरम राळ आणि तेल पाजलं होतं. ते सुकलं की कवचासारखं टणक होई आणि उन्हात असं चमके, की परगावचे लोक हात लावून बघत. दर वर्षी त्यावर नवा थर चढे. खाली लाकूड होतं हे हळूहळू सगळे विसरून गेले.

हिराजीचा बाप म्हातारा झाला आणि एके दिवशी तापाने अंथरुणाला खिळला. त्याने हिराजीला जवळ बोलावलं आणि म्हणाला, "डोलकाठीच्या मागं, उजव्या अंगाला, पाय देऊ नको."

हिराजीने विचारलं, का देऊ नको. म्हातारा दमला होता. उरलेलं सकाळी सांगतो म्हणाला आणि डोळे मिटले. ती सकाळ त्याने काही पाहिली नाही.

आता बाप जाताना एक वाक्य बोलून गेला, तर लेक त्याचं काय करील? तुम्ही-आम्ही जे करू तेच. हिराजीने ते वाक्य डोक्यावर घेतलं. बापाने होडी बांधताना त्या जागी नक्की देव ठेवला असणार, असं त्याच्या मनाने घेतलं. त्याने डोलकाठीमागे उजव्या अंगाला शेंदराचं बोट लावलं, फूल वाहिलं आणि रोज पहाटे तिथे तांब्याभर गोडं पाणी घालू लागला. खाऱ्या पाण्यावर राहणाऱ्या देवाला गोड्या पाण्याची तहान असणारच, नाही का?

त्या वर्षी मैनेला मासळी बक्कळ मिळाली. मग काय, देवाचं नाव झालं. खलाशी होडीवर चढताना त्या जागेला हात जोडू लागले. गावातल्या बायका, ज्यांचे नवरे, भाऊ, मुलगे दर्यावर जात, त्याही मैनेपाशी येऊन देवाच्या जागी कळशी रिकामी करू लागल्या. पाय द्यायची तर सोयच नव्हती. जाळं ओढताना, शीड उतरवताना, वारा अंगावर आलेला असतानासुद्धा सगळे त्या जागेला वळसा घालून जात. नवा खलाशी आला की त्याला जाळं टाकायला शिकवण्याआधी हा वळसा शिकवत.

वर्षं गेली. ती जागा हळूहळू मऊ पडली. हाताने दाबलं तर दबायची. हिराजीचा जुना जोडीदार गोमा म्हणाला, देव पाघळला, म्हणजे प्रसन्न झाला. मैना उजव्या अंगाला थोडी कलू लागली, तेव्हा देवाचं वजन वाढलं असं ठरलं. कुबट वास येऊ लागला, तो कोमेजलेल्या फुलांचा म्हणून सोडून दिला. आणि दर वर्षी हिराजी वर नवं कापड अंथरून राळेचा नवा थर देत राहिला. मैना अशी चकाकायची, की काही बिघडलं आहे असं म्हणायची कुणाची हिंमत होत नसे.

खरं सांगायचं तर हिराजीच्या मनात कधीतरी शंका यायची. सुकाणूवर एकटा असला की त्याची नजर त्या जागेकडे जायची. पण मग तो दर्याकडे बघू लागायचा. बघायला दर्या भरपूर होता.

एका श्रावणात, नारळी पुनव तोंडावर आलेली असताना, गावच्या बायका मैनेपाशी जमल्या. पावसाळाभर होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असत. पुनवेला दर्याला नारळ वाहून त्या पुन्हा पाण्यात उतरत, आणि सगळ्यांत पुढे मैना जाई. तिच्याआधी एकाही होडीने पाण्याला शिवायचं नाही, असा तिचा मान होता. म्हणून त्या दिवसांत देवाला पाणी जरा जास्तच मिळे.

गोमाची बायको रखमा भरलेली कळशी घेऊन वर चढली. हात अवघडला म्हणून तिने कळशी क्षणभर देवाच्या जागी टेकवली. आधी काहीतरी कुरकुरलं. मग ओल्या भाताच्या तुसात काठी खुपसावी तसा आवाज झाला आणि कळशी गळ्यापर्यंत आत गेली. रखमा काठ धरून तशीच वाकून उभी राहिली. सोडावी तर कळशी जाते आणि ओढावी तर देव हलतो.

बातमी गावभर झाली. कुणी म्हणालं देवाने कळशी मागून घेतली, कुणी म्हणालं देव कोपला. गावचे वयस्क आले, वाकून पाहून गेले आणि जाताना हिराजीला गावच्या रीतीची आठवण करून दिली. रीत जुनी होती आणि कडक होती. जी होडी पुनवेच्या सूर्यास्ताआधी पाण्याला लागली नाही, ती अपशकुनी ठरे. दुसऱ्या दिवशी तिच्यावर कुऱ्हाड चाले आणि तिचं लाकूड गावात वाटलं जाई. फुटक्या होडीवर माणसं घालून तिला पाण्यात ढकलायचं नाही, हेही त्याच रीतीत होतं.

मैना फुटायची, ही कल्पनाच हिराजीला सहन होईना. आणि ती जागा उघडायची, म्हणजे बापाने ठेवलेल्या देवावर पटाशी चालवायची, हेही त्याला सहन होईना. गोमाने तोडगा काढला. कळशी राहू दे आत, वर दुहेरी कापड घालू, राळ ओतू, बाहेरून काही दिसणार नाही. हिराजीला तो तोडगा गोड वाटला. त्याने लगेच चूल मांडली आणि राळेचं भांडं चढवलं.

तेवढ्यात त्याची आत्या काठी टेकत आली. चांगुणा तिचं नाव. हिराजीच्या बापाची ती पाठची बहीण. होडी बांधली जात होती तेव्हा भावाच्या हाताखाली तिने दोर वळले होते, राळ ढवळली होती. आता ती उन्हात बसून जाळी विणत असे आणि कुणी विचारल्याशिवाय बोलत नसे. त्या दिवशी मात्र ती न विचारताच बोलली.

"हिऱ्या, तुझा बाप काय म्हणाला होता?"

"पाय देऊ नको म्हणाले, आत्या."

"पाय देऊ नको म्हणाला. हात लावू नको म्हणाला का?"

हिराजी हळूच म्हणाला, "आत देव हाय."

"असंल," आत्या म्हणाली. "असला तर चिखलात बसलाय. त्याला कोरडा तरी कर."

एवढं बोलून ती चुलीपाशी बसली आणि जळती लाकडं ओढून तिने राळेखालचा जाळ विझवला.

हिराजीने बापाची पटाशी काढली, शेंदराच्या जागेला डोकं टेकलं आणि कापडात पहिला वार घातला. कापडाचे थर सालीसारखे निघत गेले. एकेक थर त्याने स्वतः चढवलेला होता, तोच आता ओढून काढत होता. शेवटच्या थराखाली लाकूड नव्हतंच. मुठीत धरावं तर पाणी गळावं असा काळा भुसा होता. वास असा आला, की गोमा चार पावलं मागे सरकला. फुलांना उगाच इतकी वर्षं दोष दिला, असं रखमा पुटपुटली.

तिची कळशी निघाली. भुसा निघत राहिला. देव काही निघाला नाही.

हिराजी होडीच्या पोटात उतरला. त्या जागेच्या बरोबर खाली, देवाच्या पायाखालून जायचं नाही म्हणून, बाप गेल्यापासून कुणी सरपटत गेलं नव्हतं. तिथे अंधारात त्याच्या हाताला एक लांबट गाठोडं लागलं. आडव्या लाकडाला दोराने घट्ट बांधलेलं होतं आणि बाहेरून राळेच्या कापडात गुंडाळलेलं होतं. गाठ बापाची होती. ती गाठ त्याने लहानपणापासून पाहिली होती.

वर आणून त्याने ते सोडलं. आत सागवानाची एक फळी होती. नीट कापलेली, तासलेली, कडेला भोकं पाडलेली. सोबत तेवढ्याच लाकडी खुंट्या, आणि कापूस पिळून केलेली वात, फळीच्या फटीत भरायला. सगळं कोरडं ठणठणीत. फळी फारतर दोन विती रुंद होती.

हिराजीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बापाला तिथली एक फळी मऊ लागली होती. तिच्या मापाची नवी फळी त्याने करून ठेवली होती. बदलायच्या आधी ताप आला. तोवर कुणाचा पाय आत जाऊन मोडू नये, म्हणून त्याने लेकाला बजावलं. उरलेलं सकाळी सांगणार होता. बापाने तिथे देव ठेवला नव्हता, काम ठेवलं होतं.

त्याने ती फळी उचलून भोकावर ठेवली. मोठ्या माणसाच्या डोक्यावर तान्ह्या मुलाचं टोपडं ठेवावं तशी ती दिसली. जे एका फळीचं दुखणं होतं, ते आता डोलकाठीपासून कडेपर्यंत पसरलं होतं. हिराजी त्या भोकाच्या काठावर बसला आणि सगळ्यांदेखत रडला. आत्याने त्याला रडू दिलं.

थोड्या वेळाने तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "खारं पाणी लाकूड मुरवतं आणि गोडं पाणी कुजवतं. दर्यानं हिला इतकी वर्षं काय नाय केलं, पोरा. आपण केलं, ते पण हात जोडून." मग म्हणाली, "तासं चांगली हायत. जगंल ही. ऊठ."

तासं म्हणजे होडीच्या बरगड्या. त्या खरोखरच शाबूत होत्या.

मग जे दिवस आले ते हिराजीला पुढे जन्मभर गोड लागत राहिले. पहाटे उठायचं, कुजका भाग खरवडायचा, चांगलं लाकूड लागेपर्यंत खरवडायचं. पटाशीला टणक आवाज आला की मनाला बरं वाटायचं. श्रावणातलं ऊन ते, घडीत हसणार आणि घडीत रुसणार. ऊन पडलं की मैनेवर घातलेल्या मांडवावरचे नारळाचे झाप काढायचे आणि सर आली की धावत जाऊन पुन्हा घालायचे. हे काम बायकांनी आपण होऊन अंगावर घेतलं. ज्यांनी वर्षानुवर्षं त्या जागी कळश्या ओतल्या, त्याच आता तिथे पावसाचा थेंब पडू नये म्हणून पदर खोचून पळत होत्या. हसतही होत्या, कारण रडण्यासारखं आता काही उरलं नव्हतं.

लाकडाचा प्रश्नही असाच सुटला. एवढा साग पावसाळ्यात आणायचा कुठून? रखमाने आपल्या गोठ्याचं दार काढून दिलं. कुणी माळ्याची फळी दिली. गोमाचा झोपाळ्यावर फार जीव होता. दुपारचं जेवण झालं की त्यावर पडल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. तो एक दिवस फणसाची ती पिवळी फळी खांद्यावर घेऊन आला, ठेवली आणि निघून गेला. त्या दुपारी तो जमिनीवर झोपला.

पण ओल काही जाईना. आत्याने सांगितलं होतं, उरलेल्या लाकडावर चुलीतली राख भुरभुरायची. राख काळवंडली तर ओल आहे, फळी ठोकायची नाही. पांढरी राहिली तरच हातोडा उचलायचा. रोज संध्याकाळी सगळे जमत, राख टाकत आणि काळवंडलेली बघून घरी जात. पुनव जवळ येत चालली.

अखेर गोमाचा धीर सुटला. आता ठोकू या, वर कापड घालू, राळ ओतू, कोण बघायला येतंय, असं तो म्हणू लागला. खलाशांनाही ते पटलं. होडीच फुटली तर कोरड्या लाकडाला काय चाटायचं आहे? हिराजीला कळत होतं की ते खोटं बोलत नाहीत. मैनेवर कुऱ्हाड पडल्याचं त्याला स्वप्नात दिसत होतं. तरी त्याने नकार दिला. एका करवंटीत त्याने तो काळा भुसा जपून ठेवला होता. ती करवंटी त्याने गोमाच्या नाकापुढे धरली.

"हे मी झाकलं होतं," तो म्हणाला. "पुन्हा नाय झाकणार. फुटली तर फुटली."

गोमाने वास घेतला आणि तो विषय परत काढला नाही.

पुनवेच्या आदल्या दिवशी ऊन टिकलं. तिन्हीसांजेला राख टाकली आणि सगळे वाकून बघत राहिले. राख पांढरी राहिली. कुणी ओरडलं नाही. हिराजीने हातोडा उचलला, एवढंच. सगळ्यांत आधी त्याने बापाची फळी बापाच्याच खुंट्यांनी बसवली, आणि तिच्या भोवतीने उरलेल्या.

पुनवेच्या सकाळी ढोल वाजले. मैनेवर अजून फटी भरायचं काम चालू होतं. नारळ घेऊन पुढे जायचा मान त्या वर्षी लखू तांडेलाच्या होडीला गेला. हिराजीने मान वर करून ती जाताना पाहिली. मनाला लागलं, नाही असं नाही. मग त्याने पुन्हा कापसाची वात फटीत दाबायला घेतली.

सूर्य खाली उतरला तेव्हा मैना पाण्याकडे निघाली. राळेचं कापड घालायला वेळ नव्हता, त्यामुळे ती उघडीच होती. एक फळी काळी, एक पिवळी, एकीवर गोठ्याच्या दाराचा हिरवा रंग. चकाकी कुठेच नव्हती. पोरासोरांनी ठिगळाची गोधडी म्हणून चिडवलं. साऱ्या गावाने दोर ओढला, कारण त्यात साऱ्या गावाचं लाकूड होतं. लाटेने तिला उचललं आणि ती सरळ उभी राहिली. ना उजवीकडे कलली, ना डावीकडे. वयस्कांतल्या सगळ्यांत म्हाताऱ्याने सूर्याकडे पाहिलं आणि मग पाण्याकडे. "लागली पाण्याला," असं म्हणून तो घरी निघाला.

खलाशी वर चढले आणि सवयीने त्या जागेला वळसा घालून गेले. गोमा तर मरेपर्यंत वळसाच घालत राहिला, म्हणायचा पायच ऐकत नाहीत. हिराजी मात्र डोलकाठीच्या मागे, उजव्या अंगाला आला आणि बापाच्या फळीवर दोन्ही पाय रोवून उभा राहिला. फळी हूं की चूं करत नव्हती. मग त्याने आत्याला हात देऊन वर घेतलं. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि बसायला नेमकी तीच जागा धरली. तिथे पाय पसरून तिने कनवटीचं पान काढलं. तिच्या तोंडावर जे समाधान होतं, ते बघायला तिचा भाऊ हवा होता असं हिराजीला वाटलं.

दुसऱ्या दिवशी एक गंमत झाली. किनाऱ्याला लागलेल्या दुसऱ्या होड्यांवरून ठकठक आवाज येऊ लागला. तांडेल खाली मान घालून आपापल्या होडीच्या फळ्या ठोकून बघत होते. वळसा घालायची एकेक जागा प्रत्येकाच्याच होडीवर होती. फक्त शेंदूर लावायचं तेवढं राहिलं होतं.

मैना पुढे पुष्कळ वर्षं चालली. तिचा पुढे जायचा मान परत आला नाही, आणि हिराजीने तो मागितलाही नाही. बापाच्या नावाने तो रोज दर्यालाच हात जोडी. तो म्हातारा झाला आणि सुकाणू दुसऱ्याच्या हाती द्यायची वेळ आली, तेव्हा त्याने नव्या तांडेलाला कुठे पाय देऊ नको असं सांगितलं नाही. त्याला होडीवर फिरवून जी फळी कुरकुरत होती तिच्यावर त्याचा हात ठेवला आणि पटाशी हातात दिली. सकाळची वाट त्याने पाहिली नाही.

म्हणून सांगतो, लहानांनो आणि थोरांनो: ज्या जागेला आपण रोज वळसा घालून जातो, तीच जागा सगळ्यांत आधी उघडून बघावी.